मोंबासाचं जहाज रद्द झालं तेव्हा

जबलपूरच्या ओमतीतल्या जहाजाच्या तिकिटांच्या दुकानाची काच फुटली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. दगड कुणी मारला ते दिसलं नाही. खळ्ळकन आवाज झाला, आतला मुनीम कपाळ धरून खाली बसला आणि दारातली माणसं मागे सरायच्या ऐवजी आत घुसली. एकाने स्टूल उचलून भिंतीवरच्या जहाजाच्या मोठ्या चित्रावर हाणलं. दुसऱ्याने मुनीमाची कॉलर धरून त्याला काचांवरून ओढत बाहेर आणलं. ही सगळी सिहोऱ्याकडची माणसं, गवंडी आणि सुतार. आफ्रिकेत कामाला जायची त्यांनी तिकिटं काढली होती, आणि त्या सकाळी दुकानाच्या दारावर कागद लागला होता की जहाज रद्द झालं आहे.

एकाहत्तरची लढाई नुकतीच सुरू झाली होती. मुंबईहून सुटणारी प्रवासी जहाजं बंदरातच थांबवली होती. त्याच जहाजाचं एक तिकीट माझ्या थोरल्या बहिणीच्या नावाचं होतं, म्हणून मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची सुटी टाकून तिथे आले होते.

शिपाई आले आणि त्यांनी लाठ्या चालवल्या. एका म्हाताऱ्या गवंड्याच्या गुडघ्यावर काठी बसली आणि तो माझ्यासमोरच रस्त्यावर कोसळला. त्याला उठवायला मी वाकले तर त्याने माझा हात झटकला. त्याला माझी मदत नको होती, त्याला कुणाला तरी मारायचं होतं. रस्ता मोकळा झाल्यावर मी काचांवरून पाय उचलत दुकानात गेले. दुकानाचा मालक, ज्याला सगळे सेठजी म्हणायचे, कपाटामागे बसला होता. त्याचा सदरा खांद्यापासून फाटला होता.

"जहाज मैंने थोड़े ही रोका है," तो म्हणाला. "मुंबईवाल्यांनी तार केली, मी दारावर लावली."

मग त्याने मला तीन गोष्टी समजावून सांगितल्या. तिकीट परत करायचं असेल तर थोडे पैसे कापून बाकीचे मिळतील. थांबायचं असेल तर लढाई संपल्यावर जहाज सुटेल, पण ते आता आधी दार-ए-सलामला जाईल आणि मोंबासाला जाईलच असं नाही. आणि त्या जहाजावर बंकची तिकिटं नसतील. बंक म्हणजे जहाजाच्या पोटात एकावर एक लावलेल्या फळ्या. ताईचं तिकीट त्यातल्याच एका फळीचं होतं. आता वरच्या वर्गाचं घ्यावं लागेल आणि दरातला फरक भरावा लागेल.

"जे काय करायचं ते त्यांनी स्वतः येऊन करायचं," सेठजी म्हणाला. "पासपोर्टावर जशी सही आहे तशीच सही. ज्याचं तिकीट त्याचीच."

ताईचं सासर शहरातच, दीक्षितपुऱ्यात होतं. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीच्या आधीच तिचा नवरा मोंबासाच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला गेला. घर लागलं की बोलावतो म्हणाला होता, आणि घर लागायला बराच काळ गेला. मधल्या काळात ताई त्या घरात सासू आणि थोरल्या दिरासोबत राहत होती. दिराची बायको केव्हाच माहेरी निघून गेली होती. ती का गेली हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती गेल्यावर दिराचा हात ताईवर उठायला लागला एवढंच. भाजी करपली, कपडे वाळले नाहीत, उत्तर उशिरा दिलं, काहीही पुरायचं. सासू पडवीत बसून सुपारी कातरायची. एकदा माझ्यासमोर त्याने ताईच्या पाठीत लाथ घातली तेव्हा सासू फक्त एवढंच म्हणाली, "दार लाव रे, लोक ऐकून राहिले."

ताईने आमच्या घरी कधी फारसं सांगितलं नाही. त्यालाही कारण होतं, ते पुढे येईल.

त्या दिवशी ओमतीतून मी तडक तिच्याकडे गेले. ती मागच्या अंगणात राखेने भांडी घासत होती. मी जहाजाचं सांगितलं. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले.

"रद्द म्हणजे कायमचं?"

"नाही. लढाई संपली की सुटेल. पण दार-ए-सलामला उतरावं लागेल. तिथून मोटारीने मोंबासा."

"तिथे कोणी घ्यायला येईल का?"

"ते कळवावं लागेल. आणि फरक भरावा लागेल."

"भरू," ती म्हणाली. "पैसे परत घ्यायचे नाहीत. मी इथून जाते म्हणजे जातेच."

आत दिराने ऐकलं होतं. पैसे परत मिळतात एवढंच त्याने ऐकलं. सिहोऱ्याला जाणाऱ्या एका बसमध्ये त्याला भागी घ्यायची होती आणि त्यासाठी तो कितीतरी दिवस लोकांच्या मागे लागला होता. तिकिटाचे पैसे धाकट्या भावाने मोंबासाहून पाठवले होते, तिकीट यानेच काढलं होतं, तेव्हा ते पैसे याच घराचे, असा त्याचा हिशेब. तो दारात येऊन गोड आवाजात मला म्हणाला, "बस ना, चाय पिऊन जा. तू काहून इतकी धावपळ करून राहिली? आम्ही पाहून घेऊ."

त्याच आठवड्यात भर दुपारी आमच्या क्वार्टरसमोर एक सायकलरिक्षा थांबली. माझी सकाळची कचेरी होती, मी नुकतीच घरी येऊन जेवायला बसले होते. आईने दार उघडलं. ताई रिक्षातून एकटीच उतरली. तिचा उजवा हात ओल्या पंच्यात गुंडाळलेला होता आणि तो तिने दुसऱ्या हाताने असा धरला होता, जसं काही ती दुसऱ्याची वस्तू घेऊन आली आहे. रिक्षावाला तिच्याकडे न बघता म्हणाला, "बहनजी को अस्पताल ले जाओ." त्याने भाडं घेतलं नाही.

पंचा सोडला तर हात मनगटापासून फुगून जांभळा झाला होता. दोन बोटं भलत्याच बाजूला वळली होती. मनगटात सोन्याची पाटली रुतली होती आणि तिच्या कडेने मांस वर आलं होतं.

दिराने पैसे परतीचा कागद आणला होता. ताईने सही करायला नकार दिला. त्याने तिचा हात धरून बोटांत पेन कोंबलं. तिने पेन फेकलं. मग त्याने तिचा हात दाराच्या चौकटीवर ठेवला आणि दार ओढलं. एकदा नाही. ताई हे सगळं सरळ आवाजात सांगत होती आणि मध्येच पाणी मागत होती.

"सासू?" आईने विचारलं.

"होत्या ना तिथेच. म्हणाल्या, उजवा हात काहून धरला, आता सही कशी करेल."

इस्पितळात पाटली निघेना. तिथल्या माणसाने लोखंडी कात्रीने ती दोन ठिकाणी कापली. ताईने तोंडात पदर कोंबला होता. बोटं सरळ करताना मात्र ती ओरडली. त्या आवाजाने बाहेर बसलेली एक बाई उठून निघून गेली. कोपरापर्यंत प्लास्टर घालून आम्ही घरी आलो तेव्हा कारखान्याचा भोंगा झाला होता आणि बाबा अंगणात हातपाय धूत होते.

बाबा तोफांच्या कारखान्यात फोर्ज शॉपमध्ये होते. लाल झालेलं लोखंड मोठ्या घणाखाली फिरवायचं काम. लढाईमुळे पाळ्या लांबल्या होत्या आणि ते घरी येऊन न बोलता जेवायचे आणि झोपायचे. त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे होते. त्यांनी ताईकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं. आईने दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी हात पुसले, सदरा घातला आणि चप्पल पायात सरकवली.

"मीही येते," मी म्हणाले. त्यांनी सायकल काढली आणि मी मागे बसले.

दीर पडवीत चहा पीत होता. बाबांनी सायकल भिंतीला लावली. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आमच्या घरात ते घड्याळ उतरलं की काय होतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. आईचा डावा कान, आईच्या कोपराची खूण, दोनदा शिवलेली भुवई. ताई सासरचं घरी सांगत नव्हती, त्याचं कारण हेच. तिला वाटायचं, आमच्या घरात तिला कुणी काय उत्तर देणार?

"बोला ना, बसून बोलू," दीर उठत म्हणाला.

बाबांनी पहिली थप्पड कानशिलावर मारली. तो बाजूला पडला आणि उतरंड कोसळली. बाबांनी त्याला उठवून पुन्हा मारलं. तोही काही लहान नव्हता, त्याने बाबांच्या तोंडावर कप फोडला, नाकातून रक्त आलं. त्यामुळे बाबा आणखीच शांत झाले. ते त्याच कानावर, त्याच जागी, मोजून मारत राहिले, जसं तापलेलं लोखंड थंड व्हायच्या आत हवं तसं करून घ्यायचं असतं. सासू मध्ये आली, तिला ढकललं गेलं आणि तिचं डोकं खांबाला लागलं. मी बाबांच्या पाठीला लोंबकळले. मला वाटलं होतं की मला हे बघून बरं वाटेल. काही क्षण वाटलंही, खोटं कशाला सांगू. पण मग त्या माणसाच्या कानातून रक्ताबरोबर पातळ काहीतरी आलं आणि बाबा थांबेनात. तेव्हा मला दिराची नव्हे, बाबांचीच भीती वाटली. शेवटी गल्लीतल्या चार जणांनी मिळून त्यांना ओढलं.

बाबांना ओमतीच्या ठाण्यात नेलं. दिराला इस्पितळात. ठाण्यातला मोठा साहेब बाबांच्या कारखान्याचा बिल्ला हातात घेऊन बघत राहिला. सकाळी कारखान्यातून कुणी फोरमन आला आणि काहीतरी बोलला. साहेबाने बिल्ला परत दिला. "लड़ाई चल रही है. जाइए, ड्यूटी कीजिए," असं म्हणाला. त्या दिवसांत कारखान्यातल्या माणसाला कोठडीत ठेवायला कुणाला वेळ नव्हता. बाबा घरी आले, आंघोळ केली आणि दुपारच्या पाळीला गेले. ते गेल्यावर ताई आईला म्हणाली: "त्यांनी हे मला विचारून केलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा अख्ख्या जबलपुरात मिठाई वाटली गेली. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी, दोघी बहिणी, ओमतीला गेलो. दुकानाला नवी काच लागली नव्हती, तिथे पोतं ठोकलं होतं. मुनीमाच्या कपाळाला पट्टी होती. सेठजीने आम्हाला बसायला सांगितलं आणि गोंधळून ताईकडे पाहिलं.

"पण दीदी, तुमचे जेठ काल पैसे परतीचा कागद देऊन गेले. तुमची सही आहे त्यावर. मैंने तो आज पैसे लेने बुलाया है."

ताईने पदराखालून हात बाहेर काढला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पांढरं प्लास्टर, त्यातून दिसणारी काळपट नखं. ती म्हणाली, "काल या हाताने सही केली मी?"

सेठजीने कागद उघडून बघितला, मग पासपोर्टाची नक्कल बघितली. सही बरी उतरवली होती. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की एरवी त्याने ती चालवून घेतली असती.

"फिर किसने की?" त्याने विचारलं.

तेवढ्यात पोतं बाजूला सारून दीर आत आला. डोक्याभोवती पट्टी, एक डोळा सुजून बंद. आम्हाला पाहून तो जागीच थांबला. मग सेठजीच्या टेबलाशी आला, ताईकडे न बघता.

"कागज में क्या देखना है? घर की बात है. पैसे दो."

"सही इनकी नहीं है," सेठजी म्हणाला.

"मैं कह रहा हूँ ना, इसी की है." मग तो ताईकडे वळला. "सांग त्याले. सांग की तूच केली. नाहीतर दुसरा हात पण आहे तुझा."

तो हे बोलून तिच्या डाव्या मनगटाला धरायला वाकला, आणि ताईने उजवा हात खांद्याच्या वर नेला. प्लास्टर आता कडक झालेलं होतं. तिने ते त्याच्या तोंडावर घातलं. मी तो आवाज अजून ऐकते. फटका ओठांवर बसला, दोन दात तुटले. तो मागे काउंटरवर पडला, दौत सांडली. ताई थांबली नाही. तिने पुन्हा मारलं, या वेळी मानेवर. प्लास्टरला तडा गेला, आतलं हाड पुन्हा हललं, आणि तिच्या तोंडून वेदनेचा एक लांब आवाज निघाला. तरी तिने तिसऱ्यांदा हात उचलला. मुनीमाने तिच्या कमरेला धरलं. मुनीमाच्या कपाळाची पट्टी सुटली आणि जखम पुन्हा वाहायला लागली.

मी काय केलं? मी दाराशी जाऊन उभी राहिले. कुणी आत येऊ नये म्हणून. मला तिला थांबवायचं नव्हतं.

दीर काउंटरला धरून उठला. तोंडावर रुमाल दाबून त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. तो काहीतरी बोलला, पण फुटलेल्या ओठांतून कुणालाच समजलं नाही. मग तो पोतं सारून निघून गेला. सेठजीने तो खोट्या सहीचा कागद फाडून टोपलीत टाकला.

"अंगूठा चलेगा," तो म्हणाला. "डाव्या हाताचा. सोबत डॉक्टरची चिठ्ठी लावा. मी मुंबईला लिहितो."

ताईने डाव्या अंगठ्याला शाई लावली. ठशाच्या कडेला रक्त लागलं होतं. ते कुणाचं होतं हे सांगता आलं नसतं. दरातला फरक भरायला आईने इस्पितळात कापलेल्या पाटलीचे तुकडे रुमालात बांधून दिले होते. ते आम्ही त्याच रस्त्यावरच्या सराफाकडे मोडले. त्याने विचारलं, पाटली अशी कशी कापली. ताई म्हणाली, "हात सुजला होता." तिथून पुन्हा इस्पितळात. पुन्हा बोटं सरळ करणं, पुन्हा प्लास्टर. या वेळी ती ओरडली नाही, दात आवळून छताकडे बघत राहिली.

त्यानंतर आम्ही कुणीच दीक्षितपुऱ्यात गेलो नाही. तिचं सामान एका शेजारणीने पोत्यात भरून पाठवलं.

जहाजाचा दिवस आणखी एकदा बदलला. सेठजीकडून निरोप आला तेव्हा मला वाटलं ताई आता कोलमडेल. ती म्हणाली, "अच्छा, मग तोवर मी डाव्या हाताने पोळ्या लाटायला शिकते." आणि खरंच शिकली. वाकड्यातिकड्या, जाड. बाबा त्या न बोलता खायचे. एकदा त्यांनी तिच्या ताटाशेजारी लोणच्याची बरणी सरकवली आणि विचारलं, "दुखून राहिलं का?" ती म्हणाली, "हो." एवढंच. आईवर त्यांचा हात त्यानंतर उठला का, हे लोक मला विचारतात. उठला. एकदा. त्या वेळी ताई घरात होती आणि ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, प्लास्टर छातीशी धरून. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेले. ती मोंबासाला गेल्यावर त्या जागी मी उभी राहत असे.

मुंबईपर्यंत मी तिच्यासोबत गेले. बंदरावर पोलीस आणि सैनिक अजून होते, प्रत्येकाच्या पेट्या उघडून बघत होते. सिहोऱ्याचे ते गवंडी आणि सुतारही त्याच जहाजाला होते. त्यातल्या म्हाताऱ्या गवंड्याने मला ओळखलं नाही. तो लंगडत होता. ताईची पेटी त्याने न विचारता खांद्यावर घेतली आणि जिन्यावरून वर नेली.

दार-ए-सलामला तिला घ्यायला तिचा नवरा आला नाही. दिराने त्याला आधीच तार करून आपली बाजू सांगितली होती. ती एकटीच मोटारीतून मोंबासाला गेली, वर्कशॉपच्या क्वार्टरांत विचारत विचारत त्याच्या दारात पोचली. त्याने दार उघडलं तेव्हा तिने आधी हात पुढे केला आणि म्हणाली, "हे तुझ्या भावाने केलं. त्याचे दात मी पाडले. आता सांग, आत येऊ की नको?" त्याने त्या हाताकडे पाहिलं. मग बाजूला झाला. हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. नवरा तसा वाईट निघाला नाही. त्याने तिच्यावर कधी हात उचलला नाही. उचलावासा वाटला असेल तर त्याने तो आवरला, कारण त्याला माहीत होतं की ती काय करते.

सासू गेली तेव्हा ताई जबलपूरला आली होती. आम्ही दोघी दीक्षितपुऱ्यात गेलो. पडवीत बायका बसल्या होत्या. दीर खाटेवर होता, पुढचे दात नसलेला, म्हातारा दिसणारा. सिहोऱ्याच्या बसमध्ये त्याने शेवटी भागी घेतली होती म्हणे, आणि ती बुडालीही. बाबांनी मारलेल्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यानेही आता कमीच येत होतं.

बायकांमध्ये कुणीतरी रडत होतं. ताई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. त्याने मान वर केली, हात कानाशी नेला. ती वाकली आणि त्याच्या चांगल्या कानाशी जोरात, अगदी स्पष्ट म्हणाली, "चाय ठेवली आहे. घेऊन येऊ का, म्हणते मी."

त्याने होकाराची मान हलवली. ती स्वयंपाकघरात गेली.